लिंकनचं पत्र आणि खानदेशचा कापूस

महाराष्ट्रातल्या कुठल्याही जुन्या माध्यमिक शाळेत जा, मुख्याध्यापकांच्या खोलीत ठरावीक तसबिरी सापडतात. सरस्वती, शिवाजी महाराज, जोतिबा-सावित्रीबाई, हार घातलेले संस्थापक. आणि त्यांच्या शेजारी काचेच्या चौकटीत अब्राहम लिंकनने आपल्या मुलाच्या हेडमास्तरांना लिहिलेलं पत्र. मराठीत ते वसंत बापटांनी आणलं. शिक्षकदिनी ते वाचलं जातं, दहावीच्या निरोप समारंभात वाचलं जातं, आणि वक्तृत्व स्पर्धेत भाषण विसरलेली मुलं त्यातल्याच दोन ओळी म्हणून वेळ मारून नेतात. अडचण एवढीच, की लिंकनने ते लिहिलेलंच नाही. त्याच्या संग्रहित पत्रांत आणि भाषणांत ते सापडत नाही, आणि अभ्यासकांनी ते त्याचं मानलेलं नाही. बापटांच्या मराठीला यामुळे उणेपणा येत नाही. ती इतकी गोड आहे, की खरं-खोटं विचारायचं कुणाच्या मनातच आलं नसावं.

मी अमळनेर-धरणगावच्या पट्ट्यातल्या एका माध्यमिक शाळेत इतिहास-भूगोल शिकवायचे. आमच्या शिक्षकसभा त्याच पत्राखाली भरत. पत्र बनावट आहे याचं मला फारसं काही वाटत नसे. खटकायचं ते दुसरंच. ज्या लिंकनची सही आम्ही भिंतीवर टांगली होती, त्याच्याच काळच्या युद्धाने आमच्या शिवारातल्या कापसाला सोन्याचा भाव आला होता आणि पुढे तोच भाव कोसळला होता. ही गोष्ट मात्र शाळेत कुणी कुणाला सांगत नव्हतं. जग शाळेत होतं, पण भिंतीवर. बांधावर ते कधीपासून येऊन बसलं आहे, हे आम्ही मुलांना दाखवत नव्हतो. मराठी शाळेने मुलांना जग कसं दाखवलं, या इतिहासात मी शिरले ती या खटक्यामुळे.

सुरुवात भूगोलापासून करायला हवी, कारण पहिला झगडा तिथेच झाला. एकोणिसाव्या शतकाच्या तिसऱ्या-चौथ्या दशकात मुंबईत १८२२ साली निघालेल्या शाळापुस्तक मंडळीच्या शाळांतून पृथ्वीचा गोल शिकवायला लागले, तेव्हा घरोघरी ऐकली जाणारी पृथ्वी निराळी होती: मधोमध मेरू, भोवती सात द्वीपं, आणि त्यांच्यामध्ये उसाच्या रसाचे, तुपाचे, दह्याचे, दुधाचे समुद्र. हा वाद नुसता पाद्री विरुद्ध शास्त्री असा नव्हता, आणि मला त्यातली गंमत तीच वाटते. माळव्यात सिहोरला सुबाजी बापू नावाच्या मराठी पंडिताने १८३६ साली 'सिद्धांतशिरोमणिप्रकाश' हा मराठी ग्रंथ लिहून सांगितलं, की पृथ्वी गोल आहे हे भास्कराचार्यांसारख्या आपल्याच ज्योतिषांचं म्हणणं आहे आणि पुराणांतलं वर्णन शब्दशः घेऊ नये. त्याला उत्तर म्हणून पुण्यातून यज्ञेश्वरशास्त्र्यांचा 'अविरोधप्रकाश' निघाला: पुराण आणि सिद्धांत यांत मुळात विरोधच नाही. म्हणजे पृथ्वीचा गोल वर्गात रुळण्याआधी त्याच्यावरून मराठीत रीतसर खडाजंगी झालेली होती. आज गोल कपाटावर धूळ खात पडलेला असतो, आणि त्याचा स्टँड मोडका असतो.

याच सुमारास बाळशास्त्री जांभेकर मुंबईत होते. १८३२च्या ६ जानेवारीला त्यांनी 'दर्पण' काढलं, आणि १८४० साली 'दिग्दर्शन' हे मासिक. भूगोल, इतिहास, पदार्थविज्ञान असे विषय त्यात नकाशे आणि आकृत्यांसह येत. पोंभुर्ल्यासारख्या कोकणातल्या लहान गावातून आलेला हा माणूस एल्फिन्स्टन संस्थेत शिकवत होता, कुलाब्याची वेधशाळा पाहत होता आणि चौतिसाव्या वर्षी गेला. दादाभाई नौरोजी त्यांचे विद्यार्थी. मात्र बाळशास्त्र्यांच्या मासिकातलं जग म्हणजे माहितीचं जग: अमुक देश, अमुक राजधानी, अमुक पिकं. ती माहिती त्या काळी क्रांतिकारक होती यात शंका नाही. पण त्या माहितीने वाचणाऱ्याच्या घरात काही हललं का, हा प्रश्न मला पडतो. हललं ते पुण्यात.

जोतीराव फुले १८४१ साली पुण्याच्या स्कॉटिश मिशनच्या शाळेत गेले. तिथे आणि त्यानंतर त्यांनी जे वाचलं त्यात टॉमस पेनचं मानवी हक्कांवरचं पुस्तक होतं. पेन मूळचा इंग्रज; अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या लढ्यात तो लिहीत होता, फ्रान्सच्या क्रांतीची बाजू त्याने घेतली. पुण्याच्या गंजपेठेतल्या मुलाने त्याला वाचलं आणि गोष्ट माहितीवर थांबली नाही. मित्र सदाशिव गोवंडे अहमदनगरला होते. त्यांच्यामुळे जोतीरावांनी तिथली अमेरिकन मिशनच्या सिंथिया फॅरार यांची मुलींची शाळा पाहिली, आणि १८४८ साली पुण्यात आपली शाळा काढली. त्याच अहमदनगरातून १८४२ पासून अमेरिकन मिशनचं 'ज्ञानोदय' निघत होतं. अमेरिका मराठी मुलखात अशी आडवाटेने, नगरमार्गे आली.

मग १८७३ साली 'गुलामगिरी' निघाली. पुस्तक मराठी, धोंडिबा आणि जोतीराव यांच्या संवादाचं. पण अर्पणपत्रिका अमेरिकेतल्या लोकांना. निग्रो गुलामांना दास्यातून सोडवताना त्यांनी जी निःस्वार्थ वृत्ती दाखवली तिचा गौरव, आणि आपल्या देशबांधवांनी शूद्रांना ब्राह्मणी दास्यातून सोडवताना तोच कित्ता गिरवावा ही इच्छा, असा त्या अर्पणाचा आशय. अमेरिकेच्या राज्यघटनेत गुलामगिरी बंद करणारी दुरुस्ती १८६५च्या डिसेंबरात झाली होती. म्हणजे अवघ्या आठ वर्षांपूर्वीची, हजारो कोसांवरची घटना पुण्यातल्या एका माणसाने उचलून घरच्या प्रश्नाशेजारी ठेवली. मुलांना जगाची जाणीव कशी द्यावी यावर शासनाची कितीतरी परिपत्रकं निघाली. माझ्या मते त्या अर्पणपत्रिकेएवढा धडा त्यांतल्या एकातही नाही.

ज्या युद्धातून अमेरिकेतली गुलामगिरी बंद झाली, त्याचा दुसरा धागा त्याआधीच आमच्याकडे शेतात आला होता. आमच्या गावात ते कुणाला ठाऊक नव्हतं. मलाही नोकरीला लागून बरीच वर्षं झाल्यावर कळलं.

१८६१च्या एप्रिलात अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं. त्याआधी इंग्लंडच्या गिरण्यांना लागणाऱ्या कापसापैकी सुमारे तीन-चतुर्थांश अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या राज्यांतून येत असे, आणि तो पिकवणारे हात गुलामांचे. उत्तरेने दक्षिणेची बंदरं कोंडली. लँकेशायरच्या गिरण्या बंद पडायला लागल्या, कामगार उपाशी मरायला लागले, आणि इंग्रज व्यापाऱ्यांची नजर मुंबईकडे वळली. कापूस हवा, कसाही हवा. हिंदुस्थानी कापूस आखूड धाग्याचा आणि कचऱ्याने भरलेला म्हणून ते नाक मुरडत. ईस्ट इंडिया कंपनीने १८४० साली अमेरिकेतून दहा मळेवाले आणून इथल्या लोकांना कापूस शिकवण्याचा खटाटोप करून पाहिला होता. गुलामांकडून शेती करून घेणाऱ्या मुलखातली माणसं आमच्या कुणब्यांना पेरणी शिकवायला! त्यातून फारसं काही निघालं नाही. आता युद्धाने ते काम एका फटक्यात केलं.

खानदेश, वऱ्हाड, गुजरात, धारवाड इथे कापसाचा पेरा वाढला. भाव चढत गेले. शेतकऱ्यांनी बैलगाडीच्या चाकांना लोखंडाऐवजी चांदीच्या धावा बसवल्याचे किस्से त्या काळच्या इंग्रज अधिकाऱ्यांच्या लिखाणात आहेत. किस्सेच असतील, पण किस्सा बनण्याइतका पैसा आला होता एवढं नक्की. आडत्यांनी भेसळ एवढी वाढवली की १८६३ साली मुंबई सरकारला कापसातल्या लबाडीविरुद्ध खास कायदा करावा लागला. ओल्या कापसात दगड, सरकी आणि माती घालून वजन वाढवायचं. हे मी वर्गात सांगितलं, तेव्हा मुलं इतकी हसली की शेजारच्या वर्गावरचे सर डोकावून गेले. बाप-काकांचा धंदा मुलांनी बरोबर ओळखला होता.

रेल्वे तेव्हा आमच्याकडे येतच होती. मुंबईहून निघालेले जीआयपीचे रूळ थळ घाटावर अडले होते. १८६५च्या आरंभी घाट खुला झाला आणि खानदेशातून मुंबईच्या गोदीपर्यंत सलग गाडी धावू लागली. पण वेळ अशी साधली गेली, की त्याच वर्षी एप्रिलात दक्षिणेचा जनरल ली शरण आला. युद्ध संपलं, अमेरिकेचा कापूस पुन्हा बाजारात येणार हे दिसलं, आणि मुंबईत भाव कोसळले. तोवर मुंबईत कापसाच्या पैशाने शेअरांचं वेड लागलेलं होतं. समुद्र हटवून जमीन काढण्याच्या कंपन्या, बँका, नुसत्या कागदावरच्या कंपन्या. बॅकबे कंपनीचा शेअर मूळ किमतीच्या कितीतरी पट झाला होता. १ जुलै १८६५ हा हिशेब चुकते करायचा दिवस, आणि त्या दिवशी फुगा फुटला. शेअरबाजारातले बडे दलाल प्रेमचंद रायचंद बुडाले. आईच्या नावाने त्यांनी दिलेल्या पैशातून उभा राहिलेला राजाबाई टॉवर मात्र अजून उभा आहे.

मुंबईची ही गोष्ट पुस्तकांत सापडते. गावाची सापडत नाही. चढ्या भावाच्या भरवशावर घेतलेलं कर्ज, वाढवून ठेवलेला शेतसारा आणि मग पडलेले भाव यांत शेतकऱ्याचं काय झालं? १८७५च्या १२ मे रोजी सुप्याच्या बाजारात लोकांनी सावकारांच्या वह्या आणि खतं जाळली आणि ते लोण पुणे-अहमदनगर भागात पसरलं. काही इतिहासकार त्या दंग्यांचा धागा अमेरिकन युद्धाशी जोडतात, तर सुपे हा काही कापसाचा मुलूख नव्हता, तेव्हा धागा इतका सरळ नाही, असं म्हणणारेही आहेत. मला दुसऱ्यांचं म्हणणं जास्त पटतं. पण सावकाराची पत कशावर फुगली आणि कशामुळे आटली, या प्रश्नाचं उत्तर पुणे जिल्ह्याच्या हद्दीत मिळत नाही, एवढं दोघांनाही मान्य असावं.

कापूस राहिला आणि त्याच्या मागोमाग गिरणी आली. १९०६ साली अमळनेरात प्रताप शेठांनी प्रताप मिल उभारली. त्यांच्याच नावाची शाळा, आणि त्यांच्याच आश्रयाने १९१६ साली तत्त्वज्ञान मंदिर. सूत काढणाऱ्या गावात वेदांत आणि कांटचा अभ्यास व्हावा हे शेठजींच्या डोक्यात कसं आलं, मला याचं अजून नवल वाटतं. (याच अमळनेरात पुढे १९४५ साली वनस्पती तुपाचा कारखाना निघाला, आणि त्याचं पुढे विप्रो झालं. ज्यांच्या आजोबांनी ते शेअर जपून ठेवले, ते कोण हे गावात सगळ्यांना ठाऊक आहे.) या तत्त्वज्ञान मंदिरात शिकायला पांडुरंग सदाशिव साने नावाचा कोकणातला तरुण आला, आणि १९२४ मध्ये प्रताप हायस्कुलात शिक्षक झाला.

साने गुरुजी म्हटलं की 'श्यामची आई' आणि डोळ्यांत पाणी, एवढ्यावर आपण त्यांना आवरून टाकतो. अमळनेरचे गुरुजी याहून वेगळे होते. छात्रालयाची जबाबदारी त्यांच्याकडे होती, आणि तिथल्या मुलांसाठी ते 'छात्रालय' नावाचं हस्तलिखित दैनिक काढत. रोज! मासिक काढता काढता आम्हा शिक्षकांच्या नाकीनऊ येतात. वार्षिक भित्तिपत्रक १५ ऑगस्टचं २६ जानेवारीला लागतं. गुरुजी दिवसा शिकवत, रात्री लिहीत, सकाळी मुलं वाचत. बातम्या, थोरांची चरित्रं, निबंध, मुलांच्या वागणुकीवरच्या टिपण्या, सगळं एका माणसाच्या अक्षरात. टॉलस्टॉयच्या कलेवरच्या पुस्तकाचा मराठी अनुवाद करणारा माणूस पाठ्यपुस्तकाच्या चौकटीत मावणार कसा? त्याने मुलांसाठी दुसरी चौकट हाताने आखून दिली. १९३० साली कायदेभंगाची चळवळ सुरू झाली तेव्हा गुरुजी शाळा सोडून तिच्यात गेले. पुढे १९४८ साली त्यांनी काढलेल्या 'साधना'च्या संपादकपदी बरीच वर्षं लोटल्यावर वसंत बापट बसले. तेच, लिंकनचं पत्र मराठीत आणणारे.

त्या पिढीतल्या विद्यार्थ्यांत जगाचा प्रश्न अगदी अंगावर घेणारा एक निघाला तो सोलापुरात. सोलापूर हेही गिरणगाव. १९३०च्या मार्शल लॉचं सोलापूर. तिथला द्वारकानाथ कोटणीस मुंबईत डॉक्टर झाला, आणि १९३८ साली जपानी आक्रमणाखालच्या चीनला काँग्रेसने पाच डॉक्टरांचं पथक पाठवलं त्यात गेला. पथकात नागपूरचे डॉक्टर चोळकरही होते. कोटणीस परत आला नाही. १९४२च्या डिसेंबरात तिथेच वारला. व्ही. शांतारामांनी त्याच्यावर सिनेमा काढला आणि त्यामुळे तो आपल्याला ठाऊक. आमच्या शाळेत सोलापूर जिल्ह्याच्या माहितीत त्याचं नाव एका ओळीत यायचं: चादरी, सिद्धेश्वर, डॉ. कोटणीस.

स्वातंत्र्यानंतरचा भाग मी भरभर सांगते, कारण तो सगळ्यांच्या अंगवळणी पडलेला आहे. डी.एड.ला आम्हाला घोटून घेतलेलं एक सूत्र असे: ज्ञाताकडून अज्ञाताकडे, जवळून दूर. १९६७ साली बालभारती स्थापन झाली आणि पुस्तकं त्याच क्रमाने लागली. तिसरीत आपला जिल्हा, आणि तेही जिल्ह्याजिल्ह्याचं वेगळं पुस्तक. चौथीत महाराष्ट्र आणि शिवछत्रपती. मग भारत, मग खंडं. क्रम सुबक आहे आणि लहान मुलांसाठी चुकीचाही नाही. खोट एकच. तिसरीच्या जळगाव जिल्ह्यात कापूस पिकतो, आणि कित्येक वर्षांनी उत्तर अमेरिकेच्या धड्यात 'कापूस पट्टा' येतो, पण दोन्ही कापूस एकमेकांना कधी भेटत नाहीत. मुलगा दोन्हीकडे पूर्ण गुण मिळवून पास होतो.

आणि परिपाठ. प्रार्थना, प्रतिज्ञा, सुविचार, दिनविशेष, बातम्या, बोधकथा, शेवटी पसायदान. बातम्या वाचणारी मुलगी आदल्या रात्री आकाशवाणीवर ऐकलेलं किंवा 'गावकरी'च्या टपाल आवृत्तीतून उतरवलेलं वाचायची. डाकेचा पेपर एक दिवस शिळा. त्यामुळे आमच्या मैदानावर सद्दाम हुसेन सगळ्या जगाच्या एक दिवस नंतर पकडला गेला. मुलं सावधानमध्ये उभी, पुढच्याच्या मानेवरचा डास मारण्याची इच्छा दाबून धरलेली, आणि कानावर 'इराकमध्ये बॉम्बस्फोटात इतके ठार'. वाचणारीला नावांचे उच्चार येत नसत, ऐकणाऱ्यांना आकडे आठवत नसत. सामान्य ज्ञानाच्या स्पर्धेत मात्र 'संयुक्त राष्ट्रसंघाचे सरचिटणीस कोण?' याला दहा हात वर होत. कोफी अन्नान हे नाव सगळ्यांना यायचं. त्यांचा देश घाना, आणि तो आफ्रिकेत कुठे, हे विचारलं तर हात खाली.

२००३ साली सप्टेंबरात मेक्सिकोतल्या कानकुन इथे जागतिक व्यापार संघटनेची परिषद भरली. परिपाठात ती बातमी आली, न येण्यासारखी होती तरी, कारण वाचणाऱ्या मुलाने तीत 'कापूस' हा शब्द पाहिला होता. पश्चिम आणि मध्य आफ्रिकेतले चार गरीब देश, बेनिन, बुर्किना फासो, चाड आणि माली, तिथे म्हणत होते की अमेरिका आपल्या कापूस शेतकऱ्यांना एवढी सबसिडी देते की जगात भाव पडतात आणि आम्ही मरतो. पुढचा तास माझाच, नववीवर. मी भिंतीचा नकाशा खाली सोडला. कापडावर चिकटवलेला, रुळाचं एक टोक निसटलेलं, हिंदी महासागरावर उंदराने कुरतडलेलं. आणि त्यावर बुर्किना फासो सापडेना! बेनिनही नाही. नकाशा इतका जुना की त्यावर अजून 'अपर व्होल्टा' आणि 'दाहोमे' होते. अपर व्होल्टाने नाव बदलून तेव्हा एकोणीस वर्षं झाली होती, दाहोमेने त्याहून जास्त. वर सोव्हिएत रशियाही अखंड. शेवटी एका मुलाने मालीच्या खाली बोट ठेवून जागा हेरली आणि आम्ही खडूने नवी नावं लिहिली. मुख्याध्यापक आल्यावर पुसायची, असं ठरवून.

मग पाठीमागच्या बाकावरून प्रश्न आला, अहिराणीत, कारण मनातला प्रश्न आमच्याकडे अहिराणीतच येतो: "मॅडम, आमना कापूसना भाव तठे कोन ठरावस?"

आमच्या मुलांना भाव म्हणजे काय हे शिकवावं लागत नाही. महाराष्ट्रात १९७२ पासून एकाधिकार खरेदी होती. सरकारलाच कापूस विकायचा, चुकारे महिनोन्महिने लटकायचे, म्हणून रात्री गाड्या भरून गुजरात नाहीतर मध्य प्रदेशात न्यायच्या. गुजरातचा भाव, मध्य प्रदेशचा भाव आणि जिनवाल्याचा भाव, तिन्ही त्यांना तोंडपाठ. न्यूयॉर्कचा भाव त्यांनी ऐकला नव्हता. मी सांगितलं, अमेरिकेत कापूस पिकवणारे शेतकरी सुमारे २५ हजार, आणि त्या सुमारास एका वर्षात त्यांना मिळालेली सबसिडी ३ अब्ज डॉलरांहून जास्त. भागा. फळ्यावर भागाकार झाला: माणशी १ लाख २० हजार डॉलर. डॉलर तेव्हा ४६ रुपयांच्या आसपास. गुणाकार करणाऱ्या मुलीने पंचावन्न लाख वीस हजार लिहिले, थांबली, पुसले आणि पुन्हा गुणलं. उत्तर तेच. ही सरासरी आहे, बड्या मळेवाल्यांना याहून कितीतरी जास्त आणि लहानांना किरकोळ, हे मी सांगितलं, पण वर्गात कुणी ऐकत नव्हतं. पंचावन्न लाखांत काय काय येईल याची यादी सुरू झाली होती, आणि ती बोअरवेलपासून सुरू झाली.

त्या दिवाळीच्या सुट्टीआधी, वेचणी सुरू होऊन पट अर्ध्यावर आल्यावर, मी वर्गाला १८६१ची गोष्ट सांगितली. ज्या हातांना बोंडाच्या काट्यांचे ओरखडे आहेत, त्यांना अमेरिकेतल्या गुलामांच्या बोटांबद्दल वेगळं सांगावं लागलं नाही. 'गुलामगिरी'ची अर्पणपत्रिका वाचून दाखवली. एकाने विचारलं, की जोतिबांनी ती अमेरिकेला पाठवली होती का. दुसरीने विचारलं, त्या गुलामांना सोडवल्यावर कापूस कुणी वेचला? तोच प्रश्न मी पुढे इतिहासाच्या पेपरात घातला. नियामकांनी तो 'अभ्यासक्रमाबाहेरचा' म्हणून कापला.

कानकुनची परिषद फिसकटली. चार आफ्रिकी देशांना 'कापूस सोडून दुसरं काही पिकवा' अशा धाटणीचा सल्ला मिळाला. मुलांना तो ओळखीचा वाटला. कृषी विभागाचे लोक त्यांच्या वडिलांना हेच सांगत आले होते, केळी लावा म्हणून. अमेरिकेला कोर्टात खेचलं ते ब्राझीलने. जागतिक व्यापार संघटनेत तक्रार २००२ मध्येच दाखल होती; २००५ साली अपिलातही निकाल ब्राझीलच्या बाजूने लागला, आणि २०१४ मध्ये ३० कोटी डॉलर घेऊन ब्राझीलने तंटा मिटवला.

२०१८ साली दहावीचं भूगोलाचं पुस्तक बदललं आणि नव्या पुस्तकात धड्यागणिक भारत आणि ब्राझील यांची तुलना आली: हवामान, नद्या, लोकसंख्या, व्यवसाय. आमच्या शिक्षकगटात बरीच कुरकुर झाली, ब्राझीलच का म्हणून. मला ते पुस्तक आवडलं. प्राकृतिक रचना आणि जलप्रणाली संपवून व्यवसायांवर आल्यावर मी कापसाचा खटला सांगितला: ब्राझील जिंकला कसा, अमेरिकेच्या मालावर उलटा कर बसवायची धमकी त्याने कशी दिली, आणि ती धमकी चालली ती ब्राझीलची बाजारपेठ एवढी मोठी होती म्हणून. तोवर मुलांच्या हाती मोबाइल आले होते. दोघा-तिघांनी तिथल्या तिथे न्यूयॉर्कचा कापूस वायदा काढला, पौंडाला किती सेंट, आणि त्याचं क्विंटलमध्ये रूपांतर कसं करायचं यावर वर्गात भांडण लागलं. त्यातच एकीने विचारलं, मग मालीला काय मिळालं?

मालीची बाजारपेठ केवढी, ते मी तिला शोधायला सांगितलं. तिने जळगाव जिल्ह्याशी तुलना करून आणली.